अँटवर्प, दिवाळीनंतरचा शनिवार-रविवार

शुक्रवार, २४ ऑक्टोबर २०२५, रात्री साडेदहा

काल भाऊबीज झाली. भावाला फोनवरूनच ओवाळलं. चकल्यांचा डबा अजून अर्धा आहे, चिवडा थोडा मऊ पडलाय, शंकरपाळे मात्र मस्त खुसखुशीत आहेत. उद्याच्या प्रवासासाठी दोन डबे भरून ठेवलेत. सकाळी आइंडहोवनहून निघायचं, ब्रेडाला गाडी बदलायची आणि थेट बेल्जियममधलं अँटवर्प.

रविवारी पहाटे तीन वाजता घड्याळं मागे जाऊन दोन होतील. मिरजेचं घर उन्हाळ्यात आमच्या साडेतीन तास पुढे असतं, रविवारपासून साडेचार तास पुढे जाईल. इथल्या लोकांना हा एक तास फुकटचा मिळाल्यासारखा वाटतो. मला दरवर्षी घर एका तासाने लांब गेल्यासारखं वाटतं.

आम्ही २०२१ मध्ये इथे, नेदरलँड्समध्ये, आलो. पहिली दोन वर्षं फिरण्याची नुसती धांदल होती. शनिवारी सहाला घर सोडायचं, रविवारी मध्यरात्री परत यायचं, मध्ये दोन शहरं, जमलं तर तीन. कलोनच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या आम्ही धापा टाकत चढलो आणि लगेच उतरलो, कारण पुढची गाडी होती. ते बांधकाम १२४८ मध्ये सुरू होऊन १८८० मध्ये संपलं, आणि मधल्या काही शतकांत अर्धवट मनोऱ्यावर एक लाकडी क्रेन तशीच उभी होती, हे मी घरी येऊन वाचलं. ज्या मनोऱ्यावर मी उभी होते त्याच मनोऱ्यावर. हळहळ वाटली. गेंटला तर व्हॅन आइकचं १४३२ चं वेदीचित्र पाहायलाच गेलो होतो, पण कालव्याकाठी फोटो काढण्यात वेळ गेला आणि पोहोचलो तेव्हा चर्चचं दार बंद झालं होतं.

शेवटी ब्रुजला, घंटाघराच्या रांगेत, आमचं भांडण झालं. खरंखुरं, मोठ्या आवाजातलं. नवऱ्याला वर जायचं होतं, मला बसायचं होतं. त्या संध्याकाळी परतताना गाडीत आम्ही बराच वेळ गप्प होतो आणि मग नवऱ्यानेच विषय काढला: एक शहर, दोन दिवस, आणि मुद्दाम जाऊन बघायची एकच गोष्ट. ती गोष्ट आळीपाळीने निवडायची. तेव्हापासून आमचे शनिवार-रविवार सुखाचे झाले. या वेळी निवडायची पाळी माझी आहे.

मी छापखाना निवडलाय. बाबांना अजून सांगितलेलं नाही.


शनिवार, २५ ऑक्टोबर, रात्री

अँटवर्पला आमची गाडी जमिनीच्या खाली थांबली. तिथून सरकत्या जिन्यांनी एकेक मजला वर येताना स्टेशन हळूहळू उलगडत जातं. खाली रूळ, मध्ये रूळ, वर पुन्हा रूळ, आणि सगळ्यात वर १९०५ सालचा तो दगडी घुमट. नवरा मान वर करून तसाच उभा राहिला. 'व्हीटी आठवतं ना?' एवढंच म्हणाला. आठवतं. लहानपणी महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरून तिथवर गेलो की बाबा आधी मला घुमट दाखवायचे, मग चहा.

स्टेशनच्या बाजूलाच हिऱ्यांच्या पेढ्यांच्या गल्ल्या आहेत. शनिवार हा ज्यू लोकांचा सुट्टीचा दिवस, त्यामुळे बरीच दारं बंद होती. एका कोपऱ्यावर मात्र दोन गृहस्थ खास पालनपुरी गुजरातीत तावातावाने बोलत होते. घरापासून इतक्या लांब ओळखीचा सूर कानावर पडला की पाय आपोआप मंद होतात.

भुरभुर पाऊस होता. चालत चालत शुक्रवारच्या बाजाराच्या चौकात आलो. चौकाचं नावच ते, अगदी आपल्या पेठांसारखं वारावरून पडलेलं. तिथेच प्लांटिन-मोरेटस यांचं घर आणि छापखाना, आता संग्रहालय.

क्रिस्तोफ प्लांटिन मूळचा फ्रेंच, पुस्तकबांधणी करणारा. हाताला जखम झाली, बांधणीचं काम जमेना, म्हणून तो छपाईकडे वळला. साल १५५५. पुढे त्याच्याकडे एका वेळी सोळा यंत्रं चालत. त्याच्यामागे जावयाने, मग जावयाच्या पुढच्या पिढ्यांनी तो धंदा तीनशे वर्षं चालवला आणि १८७६ मध्ये घर, यंत्रं, अक्षरांचे शिशाचे खिळे, हिशेबाच्या वह्या, सगळं जसंच्या तसं शहराला विकलं. काही मोडीत निघालं नाही, म्हणूनच ते आज तिथे आहे. जागतिक वारशाच्या यादीतही आहे, २००५ पासून.

मी यंत्रांच्या खोलीत शिरले आणि मला पुढे जाता येईना.

खिडकीच्या उजेडाशी लावलेल्या, खिळे ठेवायच्या उतरत्या केसेस. त्यांतली छोटी-मोठी घरं. जास्त लागणाऱ्या अक्षराचं घर मोठं आणि हाताजवळ, क्वचित लागणाऱ्याचं लहान आणि लांब. ही मांडणी मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मिरजेत आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत बाबांचा छापखाना होता. एक ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र, एक कटिंग मशीन, आणि खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याभोवती तिन्ही बाजूंनी केसेस. इंग्रजीचं काम दोन केसेसमध्ये भागायचं. मराठीला काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं, सगळ्यांची घरं वेगळी, म्हणून आमचे जुळारी काका काम करताना सारखे वळायचे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे अहवाल, गणेशोत्सवाची हँडबिलं. लग्नसराईत बाबा रात्री दोनपर्यंत ट्रेडल मारायचे आणि त्या खट-खट आवाजात मला गाढ झोप लागायची. सुट्टीत मी खिळे सोडायला बसायचे, म्हणजे छापून झालेला मजकूर मोडून प्रत्येक खिळा आपापल्या घरात परत टाकायचा. मला अक्षरं उलटी वाचता यायला लागली ती शाळेत सुलटी नीट यायच्या आधी.

खोलीच्या टोकाला दोन लाकडी यंत्रं आहेत, सुमारे १६०० सालची. जगात टिकून राहिलेली सगळ्यात जुनी छपाईयंत्रं. माणसाने दांडा ओढायचा, दाब पडायचा, कागद उचलायचा, पुन्हा. लाकूड काळं पडलंय. मी हात लावला नाही, पण हात लावावासा फार वाटला.

त्यापुढची खोली मुद्रितशोधकांची. मोठी खिडकी, ओकचं मेज, समोरासमोर बसायची जागा. प्लांटिनने १५६८ ते १५७२ या काळात आठ खंडांचं बायबल छापलं, हिब्रू, ग्रीक, लॅटिन, सिरियाक आणि अरामी या पाच भाषांत. त्याला मुली पाच. त्यांतल्या एकीकडे, वयाच्या तेराव्या वर्षी, या बायबलची प्रुफं संपादकाच्या घरी घेऊन जायचं आणि तिथे मूळ प्रत वाचून दाखवायचं काम होतं. अर्थ कळो न कळो, अक्षर चुकता कामा नये.

हे वाचलं आणि मला तिथल्या बाकावर बसावं लागलं. मीही प्रुफं घेऊन जायचे. सायकलच्या कॅरिअरला गुंडाळी लावून, ब्राह्मणपुरीतल्या एका निवृत्त शिक्षकांकडे. ते चष्मा कपाळावर चढवून प्रत धरायचे, मी मूळ कागद मोठ्याने वाचायचे. 'चि. सौ. कां.' प्रत्येक टिंबासकट. माझं वय अकरा-बारा. साडेचारशे वर्षांच्या अंतरावर, दुसऱ्याच भाषांत, एका मुलीने माझंच काम केलं होतं. तिचं नाव माग्दालेना. ते मी इथे मुद्दाम लिहून ठेवतेय.

नवरा शेजारी येऊन बसला, काही बोलला नाही. डब्यातली एकही चकली आत काढता येणार नव्हती, म्हणून मग आम्ही मधल्या अंगणात गेलो. भिंतीवर वेली चढलेल्या, पाऊस थांबलेला. दीड वाजला होता, म्हणजे घरी पाच. मी बाबांना फोन लावला आणि आधी फोटो पाठवले.

बराच वेळ ते काहीच बोलेनात. मग प्रश्न सुरू झाले. कागद ओला करून छापायचे का? शाई रुळाने लावायचे की बोळ्याने? (बोळ्याने, चामड्याच्या. त्यांनी बरोबर ओळखलं.) खिळे तिथेच ओतायचे? हो, वरच्या मजल्यावर ओतशाळा आहे, साचे ठेवलेत. 'वास येतोय का गं?' त्यांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं, लाकडाचा येतोय, रॉकेलचा आणि शाईचा नाही.

'आपलं सगळं किलोवर गेलं,' बाबा म्हणाले. तक्रारीच्या सुरात नाही. २००३ च्या पावसाळ्यात संगणकावरची कामं इतकी वाढली होती की ट्रेडलला महिन्यात चार दिवस काम नसायचं. खिळे शिशाच्या भावाने गेले. पोत्यांत भरताना अखंड टाइपाच्या (अख्खं अक्षर एकाच खिळ्यात) घरातला एक 'श्री' मी खिशात टाकला होता. तो आजही माझ्याकडे आहे, पासपोर्टच्या पाकिटात. बाबांना हे माहीत नव्हतं. आज अंगणात सांगितलं.

संग्रहालयांत दुकान असतं तसं तिथेही आहे. प्लांटिनचं एक सुनीत जुन्या पद्धतीने खिळे जुळवून छापतात आणि विकतात. दोन घेतले. एक आमच्याकडे, एक मिरजेला. दुमडू नये म्हणून नवऱ्याने पुठ्ठा मागून आणला, आणि दिवसभर ते पाकीट स्वतःच्या कोटाच्या आत धरून चालला.

नंतर कॅथेड्रलमध्ये रुबेन्सची चित्रं पाहिली. चांगली होती. मी तिथे नव्हतेच.


रविवार, २६ ऑक्टोबर, रात्री नऊ

जास्तीचा तास झोपेत घालवला नाही. दोघंही पहाटेच उठलो आणि उजाडल्यावर शेल्ड नदीखालच्या बोगद्यात गेलो. १९३३ चा, फक्त पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी. खाली उतरायला अजून तेव्हाचेच लाकडी सरकते जिने आहेत, कुरकुरतात. पांढऱ्या फरशांची ५७२ मीटर सरळ नळी, आणि इतक्या सकाळी आम्ही दोघंच. पलीकडच्या काठावर बसून शंकरपाळे खाल्ले. समोर सगळं शहर, मध्ये कॅथेड्रलचा मनोरा. नवरा म्हणाला, 'पुढच्या वेळी परत इथेच येऊ या का?' नवीन शहर न मागता त्याने हे पहिल्यांदाच म्हटलं असेल. मी हो म्हटलं.

दुपारच्या गाडीने परत. घरी येऊन चहा टाकला आणि ठरल्याप्रमाणे चारला फोन लावला. आई म्हणाली, बाबा साडेसातपासून फोन हातात घेऊन बसलेत. घड्याळ बदलल्याचं मी काल सांगायला विसरले होते. बाबांनी वहीचं पान भरून प्रश्न काढले होते, एकेक वाचत होते, मी सांगत होते, जे माहीत नव्हतं ते शोधून ठेवते म्हटलं.

मग म्हणाले, 'तो कागद दाखव.' दाखवला. 'पुढून नको. पाठीमागून.'

ट्रेडलमधून पहिली प्रत निघाली की बाबा ती कायम उलटी करायचे आणि डोळे मिटून पाठीवरून अंगठा फिरवायचे. मी कागद कॅमेऱ्यासमोर धरला. त्यांना नुसता पांढरा कागद दिसत होता.

'जावईबापूंना म्हणावं, बॅटरी तिरकी धरा.'

नवऱ्याने मोबाइलची बॅटरी लावली आणि कागदाच्या अगदी कडेला, आडवी धरली. ओळी हळूहळू उठून दिसायला लागल्या. तिकडे बाबांनी चष्मा काढला, तोंड पडद्याजवळ आणलं.

'डाव्या अंगाला दाब जरा जास्त पडलाय,' म्हणाले. 'पण माणूस मन लावून काम करणारा आहे.'