कैरीची पिल्लं? थांबा जरा

"काय भो, पिल्लं कधी?" हा प्रश्न दर रविवारी कट्ट्यावर ठरलेला. कैरी म्हणजे माझी व्हेल्ड कॅमेलिऑन, रंग बदलणारा सरडा, ही जात मूळची येमेन-सौदीकडची. नराचं नाव कारल्या, तो शेजारच्या खोलीत असतो, एकमेकांना नुसते दिसले तरी फुगतात.

मागच्या वर्षी कैरीने नराशिवायच अंडी घातली. कोंबडीसारखंच असतं ह्यांचं, अशा अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत, हे मला माहीतच नव्हतं. दोन दिवस ती खाली उतरून कोपरे उकरतेय, खाणं बंद, आणि मी आपला उन्हाऐवजी लावलेला यूव्हीचा बल्ब बदलत बसलोय. मग ट्यूब पेटली. बांधकामावरची वाळू चाळून धुतली, मुठीत दाबली की गोळा राहील इतकी ओली करून बादलीत फूटभर भरली, आणि पिंजऱ्यावर चादर टाकली, कारण कोणी बघतंय कळलं की ही खोदणं सोडते. तिने पार तळापर्यंत बोगदा काढला. मग उलटी फिरून आत बसली, बाहेर नुसतं तोंड. ४१ अंडी! वर वाळू पण स्वतःच पायाने दाबून बुजवली. जागा मिळाली नाही तर अंडी पोटात अडकून मादी मरते, हे मी नंतर वाचलं आणि घामच फुटला.

आता हीच ४१ फळली असती तर? अडीच-तीन महिन्यांत एकेकाला वेगळा पिंजरा, नाहीतर शेपट्या चावतात. प्रत्येकाला रोज डझनावारी बारके रातकिडे. आत्ताच गॅलरीत दोन डबे किरकिरतात तर आई म्हणते घरात झोपायचं की शेतात.

एकाचा सल्ला, बाभळीवरचा आपला घोयराच, म्हणजे देशी कॅमेलिऑन, धर, फुकटात. अरे, तो १९७२ च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहे, आत जाशील! परदेशी जातीची पण २०२४ च्या नियमांनी सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते.

शिवाय नाशिकचा एप्रिल-मे. अंड्यांना सहा ते नऊ महिने साधारण २६-२८ डिग्री लागतं, थंडीत डबा गरम ठेवणं सोपं पण उन्हाळ्यात गार ठेवणं अवघड, त्यात लाइट गेली की संपलं. म्हणून जोडी जूनमध्येच लावायची, अंडी जुलैत, उशीर झाला तरी बहुतेक एप्रिल तापायच्या आत उरकेल.

यंदाचा जून मी सोडला. आधी पिल्लांसाठी घरं शोधतोय, आतापर्यंत सहा जण पक्के. त्यात एक चुलतभाऊ आहे, त्याला फक्त रंग बदलताना रील काढायचीय, म्हणजे पाचच.