तोंड येण्याआधी दिलेला लाल प्रकाश

पुण्यात रक्ताच्या कॅन्सरच्या वॉर्डात, केमोने तोंड येऊ नये किंवा कमी यावं म्हणून मी पेशंटच्या तोंडात लाल लेझरचा प्रकाश देते. केमोने तोंड आलं की घरचे हमखास म्हणतात, ‘उष्णता झाली.’ डब्यातून गुलकंद येतो, सब्जा येतो, कुणी मधात टाकणखार कालवून आणतं. ही उष्णता नव्हे. केमो भराभर वाढणाऱ्या पेशी मारते आणि तोंडाचं अस्तर तशाच पेशींचं असतं. त्यात पांढऱ्या पेशी उतरलेल्या, म्हणजे त्या जखमेतून जंतू थेट रक्तात जाऊ शकतात. वॉर्डात असेपर्यंत घरचं काहीही तोंडात लावू नका, हे मी हात जोडून सांगते.

बोनमॅरो ट्रान्सप्लांटच्या पेशंटला तोंड ठणठणीत असतानाच, मोठ्या केमोबरोबर आम्ही लेझर सुरू करतो आणि रोज देतो. फोड उठल्यावर बोलावलं तर दुखणं थोडं कमी करता येतं, पण तोवर पेशंटचं खाणं सुटलेलं असतं. मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरात मेल्फालान हे केमोचं औषध जाताना, तोंड येऊ नये म्हणूनच, बर्फ चघळायचा असतो. तो लेझर चालू आहे म्हणून टाळू नये.

आधी कवळी काढायची, मिठा-सोड्याच्या पाण्याने गुळणी (लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात एकेक चहाचा चमचा), मग गॉझने थुंकी हलकेच टिपायची. गॉगल दोघांनीही घालायचा, आणि त्याच लेझरच्या तरंगलांबीचा. साधा काळा चष्मा चालत नाही.

आमचं मशीन 660 नॅनोमीटरचं, 100 मिलिवॅटचं. एका जागी 20 सेकंद, म्हणजे 2 जूल. लेझरचं टोक 1 चौरस सेंटीमीटरचं आहे म्हणून दर चौरस सेंटीमीटरलाही 2 जूलच, हिशेब सरळ बसतो. टोक अर्ध्या चौरस सेंटीमीटरचं असेल तर तेवढ्याच वेळात दर चौरस सेंटीमीटरला दुप्पट डोस पडतो. आणि जास्त दिला म्हणजे जास्त गुण, असं इथे नसतं. ओठांची आतली बाजू, गाल, जिभेच्या कडा, जिभेखाली, मऊ टाळू अशा 24 जागा. नुसता प्रकाशच 8 मिनिटं लागतो, ‘आ’ करून जबडा दुखतो, मध्ये विसावा द्यावाच लागतो.

टोकावरच्या प्लॅस्टिकला सुरकुती पडली किंवा थुंकीचा थर बसला, की प्रकाश अडतो. मशीन मात्र बीप करून पूर्ण डोस गेल्याचं सांगतं. म्हणून प्रत्येक पेशंटला नवं प्लॅस्टिक, ताणून बसवलेलं, आणि मधूनमधून पॉवर मीटरवर तपासणी. टोक काटकोनात, नुसतं टेकवायचं. प्लेटलेट कमी असताना दाबलं तर रक्त येतं.

‘शेक लागतच नाही, चालू आहे ना?’ असं आज्ज्या विचारतात. आजी, शेक लागायचाच नाही, हा उष्णतेचा उपचार नाही.

ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरात हिरड्या सुजून वर आल्या असतील तर तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी टोक नेत नाही. त्या सुजेत कॅन्सरच्याच पेशी असू शकतात.