वडाचा पाइन होऊ नये म्हणून

बोन्साय करायला भिंतीच्या फटीतून काढलेला वड. बुंधा ३ इंच जाड, उंची १८ इंच. पहिली फांदी ६ इंचांवर डावीकडे, दुसरी थोडी वर उजवीकडे, तिसरी मागे. शेंडा टोकदार, समोर किंचित झुकलेला. बोन्सायच्या वर्गात ‘मोयोगी’ म्हणून जी वळणदार उभी शैली शिकवतात, तिच्या मापात झाड चोख बसत होतं: बुंध्याच्या सहापट उंची, एक तृतीयांशावर पहिली फांदी, बाह्यरेषा त्रिकोणी. चूक काढायला जागा नव्हती आणि तरी ते वड वाटत नव्हतं. पानं वडाची, अंगकाठी पाइनची. ती बदलायला चार वर्षं लागली. त्यात काय केलं, काय फसलं, ते इथे लिहितोय.

हे नियम जपानमध्ये मुख्यतः पाइन आणि जुनिपर ही सूचीपर्णी झाडं डोळ्यांसमोर ठेवून घडले. तिथल्या डोंगरात बर्फाच्या ओझ्याने फांद्या खाली झुकतात, म्हणून म्हाताऱ्या झाडाची खूण म्हणजे उतरती फांदी. वडाच्या फांदीला झुकवणारं बर्फ नाही, उलट खालून पारंबीचा टेकू मिळतो. म्हणून ती बुंध्यातून आधी वर उठते, मग आडवी होते आणि लांबच लांब जाते. संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीच्या वडाखाली उभं राहिलं की त्रिकोण, शेंडा, पहिली फांदी हे शब्दच निरुपयोगी होतात. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या वडाचा तर मूळ बुंधाच बुरशी लागल्यामुळे १९२५ मध्ये कापून काढावा लागला. झाड पारंब्यांवर उभं आहे आणि पसरतंय.

याचा अर्थ नियम झुगारून द्यायचे असा नाही. ‘मला असंच दिसलं’ म्हणून वाटेल तशा फांद्या ठेवलेली झाडं प्रदर्शनांत भरपूर असतात आणि पाच वर्षांत त्यांचा झाडू होतो. मी प्रत्येक नियमाला एकच प्रश्न विचारला: तू झाडाच्या वाढीतून आलास की पाइनच्या रूपातून? एका ठिकाणाहून दोनपेक्षा जास्त फांद्या नकोत, हा वाढीतून आलेला नियम. तिथे रस जास्त खेळतो, गाठ फुगते आणि बुंधा खाली बारीक, वर जाड दिसू लागतो. वडात तर ही गाठ दोन पावसाळ्यांत येते, म्हणून तो नियम दुप्पट कडक पाळायचा. वरच्या फांदीची सावली खालच्या फांदीवर पडू द्यायची नाही, हाही तसाच. उतरत्या फांद्या आणि टोकदार शेंडा मात्र रूपातून आलेले, ते सोडले. साल सोलून वाळवलेली फांदी म्हणजे ‘जिन’ आणि बुंध्यावरचा तसाच पट्टा म्हणजे ‘शारी’, तीही सोडली. जुनिपरचं लाकूड उघडं पडलं तरी वर्षानुवर्षं टिकतं. वडाचं मऊ असतं, आपल्या पावसात ते कुजतं आणि कूज आत बुंध्यात उतरते.

आणि वेगळेपणाचं म्हणाल तर नवी वाट झाडाकडे बघूनच निघते. दक्षिण आफ्रिकेत बोन्सायकार चार्ल्स सेरोनिओ यांनी तिथल्या बाभूळवर्गी झाडांवरून सपाट माथ्याची शैली मांडली, बाओबाबची (गोरखचिंचेची) वेगळी, रानअंजिरांची वेगळी. आज त्या शैल्या तिकडे रूढ आहेत. कालची बंडखोरी, आजचा अभ्यासक्रम!

पहिलं काम शेंड्याचं: टोकाच्या जागी घुमटासारखा माथा हवा होता. फाल्गुनात, नवी पालवी फुटायच्या तोंडावर, १८ इंचांचं झाड १२ इंचांवर कापलं. काप तिरका न घेता वाटीसारखा खोलगट घेतला, म्हणजे साल भरून येताना उंचवटा राहत नाही. चीक फडक्याने टिपायचा नाही, पाण्याचा बारीक फवारा मारायचा, दोन मिनिटांत थांबतो. महिनाभरात कापाच्या कडेने सात फुटवे आले. त्यातले दोनच ठेवायला हवे होते, मी चार ठेवले. ‘घुमट लवकर भरेल’ हा विचार. दुसऱ्या वर्षी तिथे लिंबाएवढी गाठ झाली. ती कोरून काढण्यात एक मोसम गेला.

उतरत्या फांद्या वर उचलणं त्याहून अवघड. पेन्सिलएवढ्या फांदीला ३ मिलिमीटरची अॅल्युमिनियमची तार पुरते. तार फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची आणि वेढे ४५ अंशांत, हे प्रमाण वडालाही लागू पडतं. फरक वेगाचा आहे. जुलैत तार पाचव्या आठवड्यात सालीत रुतायला लागते, म्हणून दर रविवारी वेढ्याखाली नख घालून बघायचं. नख जात नसेल तर तार उलगडत बसू नये, तुकडे करून काढावी. अंगठ्याएवढ्या दोन फांद्या तारेला दाद देईनात. त्यांना वरच्या फांद्यांशी दोरीने ताण दिला, दर पंधरा दिवसांनी अर्धा सेंटिमीटर. एक वळली. दुसरी बुंध्यापाशी चिरली, म्हणून ती दोन इंचांवर कापून वर बघणाऱ्या डोळ्यातून (कोंबातून) पुन्हा वाढवली. तो डोळा पानासकट ठेवला होता, कारण बाकीचं झाड हिरवं असताना एकच फांदी पूर्ण बोडकी केली तर ती बहुतेक वेळा वाळते.

आता पारंब्या. कोकणात हवाच ओली, तिथे त्या आपसूक सुटतात. देशावर मिळवाव्या लागतात. पावसाळ्यात फांद्यांखालून पारदर्शक प्लास्टिकचा झगा बांधून आत ओलं शेवाळ ठेवलं, तेव्हा आठ-दहा ठिकाणी पांढरे कोंब आले. हव्या त्या चारच ठेवल्या. उसाच्या रसाला देतात तसली जाड स्ट्रॉ उभी चिरायची, त्यात ओलं कोकोपीट भरायचं, कोंबाचं टोक आत सोडायचं आणि स्ट्रॉचं खालचं टोक इंचभर मातीत रोवायचं. सहा ते आठ आठवड्यांत मूळ मातीला लागतं. यात मोठा धोका दुपारचा: स्ट्रॉ एकदाच सुकली की टोक काळं पडतं आणि ती पारंबी संपली. दुसरी चूक घाईची. मूळ पांढरं असताना स्ट्रॉ काढली तर ते उघड्या हवेत आक्रसतं. तपकिरी रंग धरू द्यावा.

पारंबी रुजली की तिच्यात ताण धरणारं लाकूड तयार होतं, ती आखूड होते आणि वीणेच्या तारेसारखी ताठते. त्यामुळे तिची जागा, तिरकेपणा, सगळं रुजण्याआधी ठरवायचं. मी एक पारंबी ‘नंतर सरळ करू’ म्हणून बाकदार सोडली होती. ती बाकासकट ताठ झाली.

जिथे पारंबी हवी तिथे फुटलीच नाही, तिथे भेट कलम केलं, म्हणजे रोपाचं खोड फांदीला जोडून त्याचीच पारंबी केली. त्याच झाडाच्या छाटणीतून केलेली ४-५ मिलिमीटर जाडीची सडपातळ रोपं घेतली. दुसऱ्या वडाची घेतली तर सालीचा रंग कायम वेगळा दिसतो. फांदीच्या खालच्या बाजूला रोपाच्या जाडीइतकी खाच पाडली, रोपाची एका बाजूची साल खरवडली, चीक पाण्याने धुतला, सालीखालचा हिरवा थर हिरव्या थराला लावला आणि कलमपट्टीने घट्ट बांधलं. रोपाची मुळं कुंडीतच पुरलेली. जूनमध्ये बांधलं, सप्टेंबरात सांधलं. मग सांध्याच्या वरचा शेंडा कापला. रोपाच्या अंगावर डोळे फुटतात, ते दर आठवड्याला बोटाने चोळून टाकावेत. पण पानांच्या जुन्या खुणांची वलयं राहतात आणि जाणकार लगेच ओळखतो की हे मूळ नाही, खोड आहे. म्हणून लांब पेरांची रोपं निवडावीत.

वटपौर्णिमेला गच्चीत पूजा होतेच. गुंडाळलेला दोरा त्याच संध्याकाळी सोडवावा. ज्येष्ठात बुंधा फुगत असतो आणि नायलॉनमिश्रित दोरा तारेइतकाच रुततो.

कुंडी २२ बाय १५ इंच, खोली अडीच इंच. बुंध्याच्या जाडीइतकी खोली, हा नियम इथे थोडा मोडला, कारण पारंब्यांना रुंदी लागते, खोली नाही. मिश्रण: विटांचे तुकडे ५ भाग, पोयटा २, कुजलेलं शेणखत २, कोकोपीट १. विटांची पूड चाळून टाकावी, नाहीतर पावसात चिखल होतो.

पानं हा वडाचा कायमचा अडथळा. मोकळ्या झाडाचं पान वीतभर, चौदा इंचांच्या झाडावर ते सुपासारखं दिसतं. एप्रिलमध्ये देठ ठेवून सगळी पानं कापायची. तीन आठवड्यांत नवी येतात आणि कडक उन्हात ती लहान राहतात. माझ्याकडे अडीच इंचांवर आलीत. हेच पावसाळ्यात केलं तर पान पुन्हा मोठं येतं. ज्या वर्षी मुळं छाटली त्या वर्षी पानं कापायची नाहीत.

चौथ्या वर्षी एक पेच उभा राहिला. रुजलेल्या पारंबीतून बाहेरच्या फांदीला थेट रस मिळू लागला, ती भराभर जाड झाली. बुंधा आणि पारंबी यांच्यामधला फांदीचा तुकडा मात्र बारीकच राहिला. नियमाने हा उघड दोष, फांदी टोकाकडे निमुळती हवी. खऱ्या वडात मात्र हेच दिसतं. डावीकडे तो तसाच ठेवलाय. उजवीकडे फरक दुपटीवर गेला तेव्हा पारंबीची मातीतली मुळं अर्ध्याने छाटली, बाहेरचं टोक दोन पानांवर आणलं आणि मधल्या तुकड्यावरचा एक फुटवा मोकळा वाढू दिला. हा फुटवा फूटभर झालाय. मधला तुकडा करंगळीएवढा भरला की तो कापायचा.