खोनोमाच्या उतारावर उतिसाची छाटणी शिकताना

दापोलीला वनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मी प्रबंधासाठी छाटणी सोसणाऱ्या झाडांचा विषय निवडला, त्याचे कारण आमच्या गावचे ऐन आणि किंजळ होते. कोकणात भाताचा तरवा, म्हणजे रोपांसाठीचे बियाणे, टाकण्यापूर्वी या झाडांचे टहाळ तोडून कवळ बांधतात, ते वाळले म्हणजे जमिनीवर पसरून जाळतात, म्हणजेच भाजावळ करतात, आणि ही तोड वर्षानुवर्षे होत राहिल्याने अनेक ठिकाणी झाडाचे नुसते खोड व त्याच्या टोकाला पानांचा एक झुपका एवढेच शिल्लक राहते. झाड तोडायचे, पण मरू द्यायचे नाही, आणि त्याच्या खालची जमीनही खंगू द्यायची नाही, हे सारे एकाच वेळी साधलेले कोठे आहे काय, असा माझा प्रश्न होता. मार्गदर्शकांनी नागालँडमधील खोनोमा या अंगामी नागा जमातीच्या गावाचे नाव सांगितले आणि तेथील उतिसाची छाटणी वाचून नव्हे, तर करून शिकावी, असा आग्रह धरला.

उतीस हा इंग्रजीत ज्यांना अल्डर म्हणतात त्या वृक्षांपैकी हिमालयात वाढणारा एक वृक्ष आहे. ज्याच्या सालीवर आपल्याकडे पूर्वी ग्रंथ लिहिले गेले, त्या भूर्जाच्या कुळातलाच हा. उत्तराखंडापासून नेपाळ, सिक्कीम, ईशान्य भारत आणि पुढे चीनच्या युन्नान प्रांतापर्यंत थंड, ओलसर डोंगरांवर तो आढळतो. डेव्हिड डॉन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये त्याला 'अल्नस नेपालेन्सिस' असे शास्त्रीय नाव दिले. सह्याद्रीत तो नाही, म्हणून मराठीत त्याला घरचे नाव नाही. 'उतीस' हे नेपाळी व कुमाऊँनी नाव मी प्रबंधात स्वीकारले आणि येथेही तेच वापरते.

नागालँडमध्ये जाण्यासाठी बाहेरच्या राज्यातील माणसाला इनर लाइन परमिट काढावे लागते. ते काढून मी दिमापूरपर्यंत रेल्वेने आणि तेथून कोहिमामार्गे रस्त्याने खोनोमाला पोहोचले. कोहिमापासून सुमारे २० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून साधारण १६०० मीटर उंचीवर हे गाव आहे. परमिट असले तरी शेतात काम करण्यासाठी गावपरिषदेची संमती लागते, आणि ज्या कुटुंबाच्या जमिनीवर काम करायचे त्यांचीही. गावाचे तीन खेल आहेत, म्हणजे कुळांच्या तीन वस्त्या, आणि कोणता उतार कोणत्या खेलातील कोणाचा, हे गावातल्या लहान मुलालाही सांगता येते. ज्या गावाने १९९८ मध्ये आपल्या जंगलाचा मोठा भाग स्वतःहून राखीव करून तेथील शिकार बंद केली, त्या गावाने परक्या विद्यार्थिनीची नीट विचारपूस केल्यावाचून तिच्या हातात दाव देऊ नये, हेच मला योग्य वाटते. दाव म्हणजे तिकडचा लांब पात्याचा कोयता. माझे यजमान, ज्यांना तेथील रीतीप्रमाणे मी 'अंकल' म्हणत असे, त्यांनी तो मला हिवाळ्याच्या सुरुवातीला दिला.

झूम शेतीचा सामान्य क्रम असा की, डोंगरउतारावरील जंगल तोडावे, वाळल्यावर जाळावे, राखेवर एकदोन वर्षे पीक घ्यावे आणि मग जमीन दीर्घकाळ पड ठेवावी. लोकसंख्या वाढली, पड ठेवण्याचा काळ घटला आणि अनेक ठिकाणी जमीन सावरण्यापूर्वीच पुन्हा कुऱ्हाडीखाली येऊ लागली. खोनोमात मात्र साधारण दोन वर्षे पीक आणि दोन ते चार वर्षे पड, एवढ्या आखूड फेऱ्यातही जमीन पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली आहे, कारण तेथे उतार मोकळा करताना उतीस मुळापासून तोडत नाहीत. त्याचा बुंधा राखून केवळ वरचा भाग उतरवतात. उतारावरचे कित्येक बुंधे इतके जुने आणि गाठाळ आहेत की ते कोणी लावले हे सांगणारे आज कोणी नाही.

पहिल्या छाटणीचे झाड कसे ओळखायचे, येथून माझे शिक्षण सुरू झाले. कोवळ्या उतिसाची साल गुळगुळीत असते आणि असे झाड तोडले तर ते धुमारे फुटण्याऐवजी वाळण्याचा संभव असतो. साल खरखरीत होऊन तिला भेगा पडू लागल्या, म्हणजे झाड छाटणीला आले असे समजतात. त्यासाठी सहा ते दहा वर्षे लागतात. अंकल प्रत्येक झाडाच्या खोडावरून तळवा फिरवत आणि मगच होकार किंवा नकार देत. मलाही त्यांनी तसेच करायला लावले. हळूहळू माझ्या तळव्याला तो फरक कळू लागला, आणि या सबंध कामातील ती गोष्ट मला आजही सर्वांत मोलाची वाटते.

तोड जमिनीपासून साधारण कमरेइतक्या ते डोक्याइतक्या उंचीवर करतात. ती झटक्यात न करता चारी बाजूंनी घाव घालत करावी लागते, कारण फांदी स्वतःच्या भाराने कोसळताना खोडाची साल खाली ओढून नेऊ शकते, आणि सोललेल्या सालीतून पाणी शिरले म्हणजे बुंधा आतून कुजतो. काप शक्य तितका स्वच्छ करून झाला की त्यावर ओल्या मातीचा लेप देतात आणि मधोमध एक चपटा दगड ठेवतात. लेपामुळे कापलेला भाग उन्हाने तडकत नाही. दगडामुळे नवे धुमारे मध्यावर गर्दी न करता कडेने फुटतात, म्हणजे पुढे त्यांना जाडी धरायला जागा मिळते. माती कालवणे, ती चेपून बसवणे आणि योग्य दगड शोधणे हे काम बहुतेक मीच केले, आणि उतारावर पाय रोवून ते करणे दाव चालवण्यापेक्षाही कष्टाचे होते.

कापलेले लाकूड प्रथम पांढुरके दिसते आणि हवा लागली की तांबूस होत जाते. प्रबंधात नावांचा परिच्छेद लिहिताना मला या रंगाचा उलगडा झाला. इंग्रजी 'अल्डर' हा शब्द जुन्या इंग्रजीतील 'अलोर'पासून आला आहे. त्यातला 'ड' मुळात नव्हता. ल आणि र यांच्यामध्ये उच्चाराच्या सोयीसाठी तो पुढे शिरला, जसा 'वानर'मधल्या न आणि र यांच्यामध्ये द शिरून बोलीत 'वांदर' झाले. जर्मन 'एर्ल', लॅटिन 'अल्नस', रशियन 'ओल्खा' आणि लिथुएनियन 'अल्क्स्निस' ही याच घराण्यातली नावे होत, आणि त्यांच्या मुळाशी तांबडा-तपकिरी रंग सुचवणारा एक प्राचीन धातू असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. 'अल्नस' म्हणजे केल्टिक भाषेत नदीकाठी राहणारा, अशी एक व्युत्पत्ती जुन्या पुस्तकांत वारंवार भेटते. हा वृक्ष पाण्याची जवळीक धरतो खरा, पण ती व्युत्पत्ती आता ग्राह्य धरली जात नाही. घाव घालताच रंग बदलणारे लाकूड ज्यांनी पाहिले, त्यांनी झाडाला त्या रंगावरून नाव दिले असेल, हे मला अगदी पटते.

उपयोगांचा परिच्छेद लिहिताना निवड करणे कठीण गेले. युरोपातील अल्डरचे लाकूड उघड्यावर लवकर कुजते, परंतु सतत पाण्याखाली राहिले तर दीर्घकाळ टिकते. रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात दलदलीतील पायासाठी अल्डरच्या खुंटांची शिफारस करताना राव्हेना शहराचे उदाहरण दिले होते, आणि व्हेनिसच्या पायातही हे खुंट आहेत. बंदुकीच्या दारूसाठी लागणारा चांगला कोळसा त्यापासून करीत. इंग्लंडच्या लँकेशायरमधील गिरणी कामगारांच्या पादत्राणांचे लाकडी तळ त्याचेच असत. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तांबड्या अल्डरच्या धुरात सामन मासा धुरवतात, आणि इलेक्ट्रिक गिटारच्या धडासाठीही हे लाकूड वापरतात. आपल्या उतिसाचे काम याहून घरगुती आहे. तो जळण देतो, हलक्या फळ्या देतो, त्याची साल कातडी कमावण्यास व रंगासाठी उपयोगी पडते, आणि सिक्कीम-दार्जिलिंगच्या डोंगरांत मोठ्या वेलचीच्या बागांना त्याचीच सावली असते.

पण खोनोमाच्या शेतकऱ्याला तो हवा असतो तो मुळांसाठी. एका जुन्या बुंध्याजवळची माती अंकलनी मला हातांनी उकरायला सांगितली, तेव्हा बारीक मुळांवर पिवळसर तपकिरी गाठींचे पुंजके लागले. या गाठींत फ्रँकिया नावाचे सूक्ष्मजीव राहतात. ते हवेतला नायट्रोजन बांधून झाडाला देतात आणि त्या बदल्यात झाडाकडून साखर घेतात. तूर, वाल, कुळीथ यांच्या मुळांवर जे रायझोबियम जिवाणू करतात तेच हे काम, पण उतीस शेंगा धरणाऱ्या कडधान्यांच्या कुळातला नाही आणि फ्रँकियाची जातही निराळी. नायट्रोजनाने समृद्ध असलेला पाला खाली पडून लवकर कुजतो, आणि पड ठेवल्याच्या काळात जमीन त्याच्यावर सावरते. छाटणीनंतरही मुळे उतार धरून ठेवतात, हा लाभ तर डोळ्यांना दिसण्यासारखा आहे.

नवी झाडे लावण्याचे दोन मार्ग मी शिकले. उतिसाच्या लहान शंकूंमधले बी इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये ते हजारोंनी भरते. हिवाळ्यात शंकू तपकिरी झाले की ते उतरवून वाळवायचे, झटकून बी काढायचे आणि वाफ्यात अगदी वरच्यावर पेरून बारीक मातीचा नुसता हात फिरवायचा. वाफ्यात जुन्या उतिसाखालची थोडी माती मिसळणे आवश्यक असते, कारण तिच्याबरोबर फ्रँकिया येतो. दुसरा मार्ग अधिक सोपा आणि गावकऱ्यांच्या अधिक आवडीचा आहे. दरड कोसळून उघड्या पडलेल्या जागी उतीस आपण होऊन उगवतो. तेथील रोपे मातीच्या गोळ्यासह उचलून पावसाळ्यात शेतात लावली की झाले.

छाटलेल्या फांद्यांतून जाड लाकूड जळणासाठी वेगळे केले. उरलेला पाचोळा आणि डहाळ्या बुंध्यांपासून दूर ओढून पसरल्या, आणि हिवाळा सरल्यावर त्या जाळल्या. आग बुंध्याला लागू न देणे याकडे अंकलचे सर्वाधिक लक्ष होते. त्यानंतर मका, बटाटा, कठीण दाण्याचे एक तृणधान्य, मिरची आणि भोपळा यांची लागवड झाली. पुढच्या हिवाळ्यात मी परत गेले, तेव्हा प्रत्येक बुंध्यावर धुमाऱ्यांचा दाट झुपका होता. त्यांपैकी चार ते सहा जोमदार, एकमेकांपासून दूर असलेले आणि कडेने निघालेले धुमारे राखून बाकीचे सर्व काढायचे होते. कोणते राखायचे हे ठरवताना अंकल पुढच्या फेऱ्यातली तोड डोळ्यांसमोर ठेवत. ही विरळणी वेळेवर न झाल्यास सगळेच धुमारे किडकिडीत राहतात आणि जमिनीला ना पाला मिळतो ना घराला लाकूड.

परतल्यावर अनेकांनी मला विचारले की, उतीस कोकणात का लावू नये. त्याला थंड, ओलसर डोंगर लागतो आणि आपला लांब कोरडा उन्हाळा त्याला सोसणार नाही, म्हणून मी त्याचा आग्रह धरत नाही. फ्रँकियाशी नाते असलेले झाड आपल्या किनाऱ्यावर आधीपासूनच आहे, ते म्हणजे सुरू. पण सुरू छाटल्यावर उतिसासारखा नव्या जोमाने फुटत नाही, म्हणून भाजावळीच्या जागी तो चालणार नाही. माझ्या मते आपल्याकडे बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला खाचरात घालणे हा जवळचा पर्याय आहे, कारण ते नायट्रोजनही बांधते आणि छाटणीनंतर भराभर फुटते. ऐन आणि किंजळ यांच्यासाठी मात्र खोनोमाची हातोटी जशीच्या तशी आजमावण्यासारखी आहे: कोवळे झाड न तोडणे, काप स्वच्छ ठेवून मातीने लिंपणे, चार-सहा धुमारे राखून बाकीचे काढणे, आणि त्याच झाडाला दरवर्षी हात न लावता दोन-तीन वर्षांची उसंत देणे. आमच्या गावातील दोन शेतकऱ्यांनी आपल्या वरकस जमिनीतील काही ऐन यासाठी दिले असून, शिमग्यापूर्वी त्यांची पहिली छाटणी या पद्धतीने झाली आहे.