दुपट्यावरचा मोर

अप्पांच्या लोखंडी ट्रंकेत अगदी तळाशी ग्राफच्या कागदांची एक सुरळी होती. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. अप्पा सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायचे. लाल पेन्सिलीने भरलेला चौकोन म्हणजे तिथला उभा धागा वर उचलायचा, रिकामा चौकोन म्हणजे खाली ठेवायचा. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डांची माळ करून ती जकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर चढवायची, आणि मग एका आडव्या धाग्याला एक कार्ड अशी नक्षी उमटत जायची. लहानपणी डबा द्यायला गेले की मी ती माळ सरकताना बघत उभी राहायचे. मागांच्या खडखडाटात अप्पा काय बोलतायत ते त्यांच्या ओठांवरूनच समजून घ्यावं लागायचं.

सुरळीतले कागद सगळे सरावाचे. कारखान्याला दिलेली नक्षी कारखान्याची, ती मी हातात आली असती तरी वापरली नसती. पण एका कागदावर घरी बसून काढलेला मोर होता, मान मागे वळवलेला, आणि कोपऱ्यात त्या महिन्याचा दुधाचा हिशोब. हा मोर सुयांवर विणायचा, हे मी ट्रंकेपाशी बसल्या बसल्याच ठरवलं.

विणकाम मी आईकडून शिकले. दहा नंबरच्या सुया, सुलट-उलट, कुंची, टोपडं, पायमोजे. पुढे विणलं ते सगळं मासिकांतल्या आणि पुस्तकांतल्या नमुन्यांवरून, आणि ते नमुने असतात थंड गावांसाठी. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ पर्यंत चढतो आणि थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटा. इथल्या तान्ह्या बाळाला लोकरीच्या स्वेटरात घातलं की अकरा वाजेपर्यंत ते घामाने चिंब होतं. आमच्या गावाला साजेसं विणकाम सुतीच असणार. म्हणून ठरवलं की सुती दुपटं करायचं, ६० सेंटिमीटर लांब-रुंद, आणि मधल्या पट्ट्यात अप्पांचे मोर.

चादरीचा एक गुण मला त्यात हवाच होता. आपली जकार्डची चादर दोन्ही बाजूंनी अंथरता येते. इकडे लाल जमिनीवर पांढरी नक्षी, पलटली की पांढऱ्या जमिनीवर लाल. विणकामातही हे जमतं. त्याला मी दुहेरी वीण म्हणते. दोन रंगांचे टाके सुईवर एकाआड एक असतात. एक टाका लाल धाग्याने सुलट, पुढचा पांढऱ्याने उलट, पुन्हा लाल सुलट, पुन्हा पांढरा उलट. सुलट विणताना दोन्ही धागे मागे, उलट विणताना दोन्ही धागे पुढे. असं करत गेलं की एकाच सुईवर दोन कापडं पाठीला पाठ लावून तयार होतात, मध्ये पोकळ. नक्षीच्या चौकोनात रंगांची अदलाबदल केली की दोन पदर तिथे एकमेकांत गुंततात. मागे लोंबणारे धागे नाहीत, त्यामुळे बाळाचं बोट अडकायची भीती नाही. टाके मात्र दुप्पट. रुंदीला १२० हवेत तर सुईवर २४० घालायचे.

सुतासाठी लांब जायची गरजच नव्हती. पूर्व भागातल्या सुताच्या दुकानातून २/२० चे कोन, म्हणजे शंकूवर गुंडाळलेलं सूत, आणले. वीस नंबरचं सूत म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या २० लड्या बसतात इतकं बारीक. त्याचे दोन धागे पिळले की २/२०, म्हणजे जाडीला दहा नंबरसारखं. सुयांसाठी तेही फार बारीक. मी चार पदर, सहा पदर, आठ पदर असे तुकडे विणून पाहिले आणि आठ पदरांवर थांबले. १०० ग्रॅमला साधारण २१० मीटर पडतं आणि आठ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुयांवर छान बसतं. आठ कोन जमिनीवर उभे करायचे, खिडकीच्या गजाला एक काचेची बांगडी बांधायची, आठही टोकं बांगडीतून ओढून गुंडा करायचा. बांगडीमुळे पदर सारखे ताणले जातात. एखादा पदर ढिला राहिला तर विणताना त्याची कडी बाहेर डोकावते आणि सुई नेमकी तिच्यातच शिरते. प्रत्येक दुपट्याला दोन रंगांचं मिळून ३०० ग्रॅम सूत लागतं. लाल सूत आधी वेगळं धुवायचं, पाणी अगदी स्वच्छ येईपर्यंत. हे मी नमुन्याच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, कारण माझा पहिला तुकडा सगळाच गुलाबी झाला होता.

खरी अडचण आली ती मोरात. ग्राफवरचा मोर जसाच्या तसा विणला तर बदकासारखा दिसायला लागला, बुटका आणि पसरट. आधी एक साधा शंकरपाळा विणला होता, २४ चौकोन रुंद, २४ चौकोन उंच. तो धुऊन, सपाट वाळवून मोजला तर रुंदी १२ सेंटिमीटर आणि उंची साडेआठच्या थोडी पुढे. माझ्या हाताला १० सेंटिमीटरमध्ये टाके येतात २० आणि ओळी येतात २८. म्हणजे विणकामाचा टाका चौरस नसतोच, तो आडवा असतो. हे इतकी वर्षं हाताला माहीत होतं, पण कागदावर बसताना ध्यानात आलं नाही.

मग पुन्हा सुरळी उघडली आणि या वेळी नक्षीकडे न बघता कागदाकडे पाहिलं. अप्पांच्या कागदांवरची घरंही चौरस नव्हती! काहींवर एका चौकटीत आडवी आठ घरं आणि उभी दहा, काहींवर आठ आणि बारा. कापडात इंचाला उभे धागे किती, आडवे किती, त्यावर त्यांचा कागद ठरायचा. लहानपणी मला तो कागद नुसताच वेगळा वाटायचा. मी संगणकावर एक्सेलमध्ये सात रुंद, पाच उंच अशा मापाची घरं आखली आणि मोर पहिल्यापासून काढला. नुसत्या ओळी वाढवून भागत नाही. मानेचा बाक ताणला जातो, पायऱ्या पडतात. एक एक घर भरत, पुसत, पाठीमागे जाऊन लांबून बघत तीन आठवडे गेले. चोच दोन घरांची की तीन, यावरच दोन संध्याकाळी गेल्या. तीनच बरोबर होती.

नमुना लिहून झाला तरी तो एका हाताचाच होता. दुसऱ्यांच्या हातून विणून घेतल्याशिवाय तो कोणाला द्यायचा नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. परदेशातल्या विणकर बायका याला निट-अलाँग म्हणतात, म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी एकच नमुना घ्यायचा आणि एकमेकींना धरून पुढे जायचं. आमच्याकडे शेजारच्या वहिनींनी ऐकताक्षणी त्याला ‘विणभिशी’ नाव दिलं आणि तेच चाललं. दिवाळीनंतर सुरू करून जानेवारीतल्या सिद्धेश्वरांच्या यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या आधी संपवायची. दर गुरुवारी दुपारी चार ते सहा, माझ्या घरी, असा निरोप मी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. अर्ध्या तासात फोन आला, “अगं मार्गशीर्षातले गुरुवार ना? घट कोण मांडणार?” वार बदलून बुधवार केला.

एकोणीस जणी आल्या. जुळे सोलापूरहून, विजापूर रोडवरून, दोघी थेट होटगीहून. काहींनी शाळेनंतर सुया हातात धरल्या नव्हत्या. नमुन्याचे मी ८० रुपये घेतले. त्यावर एकदोघी नाराज झाल्या, विणकामाचे कुठे पैसे घ्यायचे म्हणून. मला ते पटत नाही. अप्पांना नक्षीचा पगार मिळायचा, म्हणून आमचं घर चाललं. कागदावर नक्षी बसवणं हे काम आहे.

पहिले तीन बुधवार फक्त टाक्यांवर गेले. एकच धागा पुढे घेतला आणि दुसरा मागे राहिला की दोन पदर शिवल्यासारखे जोडले जातात. त्याची परीक्षा सोपी: दर ओळीनंतर दोन्ही पदर चिमटीत धरून अलगद ओढून बघायचे, सुटे होतात का. ओळीच्या सुरुवातीला दोन्ही धाग्यांना एक पीळ द्यायचा, नाहीतर कड उघडी राहते. एक वहिनी डावखुऱ्या होत्या, त्यांना मी समोर बसवलं, आरशात बघितल्यासारखं. चौथ्या बुधवारी शंकरपाळ्यांची ओळ सगळ्यांची उत्तम आली आणि मी निर्धास्त झाले.

सहाव्या बुधवारी मोर बिघडला. आमच्यातल्या सगळ्यात अनुभवी अक्कांचा.

या अक्का पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातल्या, साठी ओलांडलेल्या, जन्म सगळा मागांच्या आवाजात गेलेला. हात असा की त्यांचा टाका न् टाका सारखा. त्यांनी दुपटं माझ्या मांडीवर ठेवलं आणि गप्प बसल्या. मोराच्या मानेचे तुकडे झाले होते. एक ओळ उजवीकडे, पुढची डावीकडे, कंगव्याच्या दातांसारखी. मी टाके मोजले, बरोबर. रंग तपासले, बरोबर. मग त्यांना म्हटलं, “अक्का, कागदावर बोट ठेवून वाचून दाखवा.” त्यांनी पहिली ओळ उजवीकडून वाचली. दुसरीही उजवीकडून. तिसरीही.

त्यांचं चुकलं नव्हतं. मागावर असंच असतं, प्रत्येक कार्ड एकाच बाजूने वाचायचं. सुयांवर मात्र ओळ संपली की आपण कापड फिरवतो, म्हणून समोरची ओळ उजवीकडून वाचायची आणि मागची डावीकडून. त्यातून दुहेरी विणीत मागच्या ओळीला रंगही पलटतात. कागदावर लाल दिसणारं घर त्या वेळी आपल्या बाजूला पांढरं विणायचं. ओळ कुठून वाचायची हे मला इतकं अंगवळणी पडलेलं की मी ते लिहिलंच नव्हतं. शंकरपाळा दोन्हीकडून सारखाच, म्हणून त्याने चूक झाकून ठेवली. मोराला एकच चोच, त्याने ती उघडी केली. बघता बघता आणखी चौघींनी आपापली दुपटी पुढे केली. तीच चूक.

अक्कांच्या चौदा ओळी उसवायच्या होत्या. ओळीला २४० टाके, म्हणजे ३३६०. मला रडू आलं. मी म्हटलं, “मी उसवून देते.” त्या म्हणाल्या, “तू कागद नीट कर की. उसवायचं मी बघते.” आणि त्यांनी सुई काढून न घेता एक एक टाका मागे घेत नेला, दोन संध्याकाळी. उसवलेलं सूत कुरळं होतं, ते त्यांनी पाण्यात बुडवून बाटलीला गुंडाळून वाळवलं आणि तेच पुन्हा वापरलं.

मी त्या रात्री नमुना पुन्हा लिहायला बसले. प्रत्येक ओळीच्या टोकाला बाण काढला. समोरच्या ओळींचे आकडे उजवीकडे, मागच्यांचे डावीकडे. मागच्या ओळींना फिकट करडा रंग दिला आणि शेजारी लिहिलं, “इथे कागदावरचा रंग पलीकडच्या बाजूला येतो.” मोर सुरू होण्याच्या आधीच्या ओळीत सगळ्या टाक्यांतून एक निळा दोरा ओवून ठेवायला सांगितलं, म्हणजे पुढे काही बिघडलं तर त्या दोऱ्यापर्यंत बिनधास्त उसवता येतं, खालचे टाके सुटत नाहीत. बायकांनी त्याला कुंपण म्हणायला सुरुवात केली. “तुमचं कुंपण घातलं का?” हा बुधवारचा पहिला प्रश्न झाला. नमुन्यात आता तोच शब्द छापला आहे.

अक्षतेच्या आधीच्या बुधवारी एकोणीसपैकी अकरा दुपटी पुरी झाली होती. शेंगापोळ्या आणि चहा झाल्यावर हॉलमधलं फर्निचर बाहेर काढून आम्ही ती फरशीवर मांडली. लाल-पांढरी बरीच, दोन निळी-पांढरी, एक हिरवी-पिवळी. बाहेर यात्रेची गर्दी सुरू झालेली, रस्त्यावर पिपाण्यांचे आवाज. सगळे मोर एकाच दिशेला तोंड करून बसलेले.

अक्का बराच वेळ उभ्या राहून बघत होत्या. मग खाली बसल्या, स्वतःचं दुपटं उचललं आणि पलटून शेजारच्या दुपट्याला कड लावून ठेवलं. दुहेरी विणीत मागचा मोर रंगानेही उलटा असतो आणि तोंडानेही. लाल जमिनीवरचा पांढरा मोर आणि पांढऱ्या जमिनीवरचा लाल मोर समोरासमोर आले, चोचींमध्ये चार बोटांचं अंतर.

“आता बघ,” त्या म्हणाल्या, “बोलायला लागले की.”