नाईट शिफ्टची माणसं

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला रात्री साडेअकराला आमच्या जुन्या कारखान्यातल्या माणसांच्या ग्रुपवर मेसेज आला, "कुणाकडं ९१-९२ सालची पीएफची स्लिप हाय का, लई अर्जंट". पाच मिनिटात सात जण ऑनलाईन. सगळे साठीच्या पुढचे, घरात सून-नातवंडं झोपलेली आणि हे जागे. नाईट शिफ्टची सवय अंगातनं जात नाही हेच खरं.

आमची फाउंड्री, म्हणजे बीड (ओतीव लोखंड) वितळवून साच्यात ओतायचा कारखाना, मिरज एमआयडीसीत होती. नाव लिहीत नाही, आता तिथं दुसरंच काहीतरी गोडाऊन आहे. मी १९८६ ला लागलो आणि २००३ ला गेटवर नोटीस लागली तेव्हा बाहेर पडलो, म्हणजे १७ वर्षं. पंपाची बॉडी, इंपेलर म्हणजे पंपातलं फिरणारं चाक, मोटरची कव्हरं असलं जॉबवर्कचं ओतकाम. आपल्या भागात हा धंदा रुजला त्याचं मूळ किर्लोस्करवाडीत आहे, १९१० साली लक्ष्मणरावांनी औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर कारखाना उभा केला, आधी नांगर मग पंप, आणि तिथं हात बसलेली माणसं पुढं जिल्हाभर पसरली. आमचे मिस्त्री त्याच बाजूचे. भिलवडी, नांद्र्याची पोरं पॅसेंजरनं यायची, मिरजेला उतरून सायकलनं गेटवर, आणि भोंगा व्हायच्या आत कार्ड पंच केलं नाही तर टाईम ऑफिसवाला अर्धा दिवस मारायचा.

आमचा ग्रुप २०१५ ला झाला, नाव "भट्टी". सुरुवातीला तीन जण होते, क्रेनवाले अण्णा, मी आणि फेटलिंगचा, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायच्या खात्यातला एकजण. मग याच्याकडं त्याचा नंबर, त्याच्याकडं याचा, असं करत आज ४३ जण आहोत. गुड मॉर्निंगचे फोटो टाकायला आम्ही पहिल्याच महिन्यात बंदी घातली आणि ते बरं केलं, कारण त्यामुळं मेसेज आला की माणूस उघडून वाचतो. कुणाचा डोळ्याचा ऑपरेशन, कुणाच्या पोरीचं लग्न, कोण गेला. आणि मधेच कुणीतरी एक वाक्य टाकतो, "त्या दिवशी रस गार झाला होता आठवतंय का", आणि मग रात्रभर तेच.

ज्यांनी फाउंड्री बघितली नाही त्यांना सांगतो. कुपोला भट्टी म्हणजे उभी चिमणीसारखी, वरनं कोक, बिडाचे तुकडे, भंगार, चुनखडी असं थर लावत टाकायचं, खालनं ब्लोअरचा वारा. रस, म्हणजे वितळलेलं बीड, तयार झाला की मातीचं बूच सळईनं फोडायचं आणि लेडल, म्हणजे रस धरायची बादली, खाली धरायची. १४०० डिग्रीच्या आसपासचा रस असतो तो, नुसता दोन हात लांब असला तरी भुवया करपायच्या. आमच्या मिस्त्रींकडं कसलं मीटर नव्हतं, रसाचा रंग बघून सांगायचे ओता किंवा थांबा. शंका आली की छोट्या पाचरीच्या साच्यात थोडा रस ओतायचा, गार करायचा आणि हातोडीनं मोडून आतला रंग बघायचा. टोकाला पांढरं जास्त दिसलं की बीड कडक झालं, मशिन शॉपला टूल मोडणार, मग कडकपणा कमी करायला लेडलमधे फेरोसिलिकॉन टाकायचं. एवढ्या सगळ्याला दोन मिनिटं, कारण रस थांबत नाही.

पण माझं काम साच्याचं, म्हणजे पेटीत वाळू ठासून भरायचं, त्या वाळूतच साचा उठतो आणि त्यात रस ओततात. आणि त्यात सगळा खेळ वाळूचा. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी माझ्या हातात काळी वाळू दिली आणि म्हणाले मूठ दाब. दाबली. उघड. वाळूवर माझ्या बोटांच्या रेषा उठल्या होत्या. आता मोड. मधनं मोडली तर कडा ढासळायला नको, चिवट वडीसारखी कड राहिली पाहिजे, आणि तळहाताला वाळू चिकटली नाही पाहिजे. ढासळली तर पाणी कमी, चिकटली तर जास्त. शंभर किलो वाळूत तीन-चार किलो पाणी, त्याच्या इकडं तिकडं नाही. मी महिनाभर घरी आलो की जेवायला बसताना सुद्धा मूठ दाबायचो, आई विचारायची काय झालंय हाताला.

पाणी जास्त झालं की काय होतं ते आम्ही १९९४ च्या पावसात बघितलं. शेडचा पत्रा गळत होता, तीन वेळा सांगून झालेलं, मालकाचा माणूस म्हणायचा दिवाळीनंतर बघू. रात्री दोनला मोठी पेटी ओतत होतो आणि वाळूत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली आणि पेटी उडाली. रस छतापर्यंत गेला. माझ्या शेजारच्याच्या पायावर पडला, बूट असून आतनं मांडी भाजली. त्याला उचलून ज्यानं खांद्यावर गेटपर्यंत नेला तो आमच्याच शिफ्टचा सोबती, त्याला सगळे वाडीवाला म्हणायचो. गाडी यायला उशीर होता म्हणून मालगाडीच्या हमालासारखा त्याला पाठीवर घेऊन मेन रोडपर्यंत चालला, आणि परत येऊन उरलेल्या पेट्या ओतल्या कारण लेडलमधे रस होता. भाजलेला माणूस आज आमच्या ग्रुपवर आहे, थोडा लंगडतो, आणि वाडीवाल्याचं नाव निघालं की आजही त्याला बोलता येत नाही.

वाडीवाला २०१२ ला गेला. साठी पण बघितली नाही त्यानं. तो रात्रीचा मेसेज त्याच्या पोराचा होता, अण्णांनी त्याला ग्रुपवर घेतलं होतं.

झालं असं की वहिनींना, म्हणजे वाडीवाल्याच्या बायकोला, पेन्शन लागू होती आणि कुणी सांगितलंच नाही. पीएफच्या ९५ सालच्या पेन्शन योजनेत दहा वर्षांच्या वर सर्व्हिस झालेला माणूस ५८ च्या आधी गेला तर बायकोला महिना पेन्शन मिळते, २०१४ पासून कमीत कमी हजार रुपये. हजार रुपये म्हणजे फार नाही हे मला पण कळतं, पण ज्या बाईनं बारा वर्षं दुसऱ्याच्या रानात भांगलण करून पोराला आयटीआय केलं तिला ते किती असतील याचा विचार करा. फॉर्म भरायला गेले तर पीएफचा नंबर पाहिजे, कारखान्याचा कोड पाहिजे, आणि हजेरीबुकात आडनाव वेगळं लावलेलं, आधारला वेगळं. कारखाना तर बंद, विचारणार कुणाला.

इथं आमचे टूलरूमचे काका. सांगलीच्या गावभागात राहतात, नदीपासून जवळ. हा माणूस १९८१ पासूनचा प्रत्येक कागद बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो, पगाराची स्लिप, बोनसचं पाकीट, युनियनची पावती, सगळं. २०१९ च्या ऑगस्टच्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, काकांच्या घरात छातीएवढं. तेव्हा आम्ही ग्रुपवर नुसतं "काका कुठं आहात" लिहीत होतो, कुपवाडच्या दोघांनी आपल्या घरातली एक-एक खोली रिकामी केली आणि काका-काकूंना बोटीतनं काढून तिकडं नेलं, बारा दिवस ठेवलं. काकांनी घर सोडताना काय घेतलं तर काकूंची औषधं आणि तो डबा. काकू तेव्हा रागावल्या होत्या. नंतर नाही रागावल्या, कारण त्या डब्यात काकांची आणि वाडीवाल्याची एकाच वर्षाची पीएफची स्लिप निघाली, पगारादिवशी तो रजेवर होता म्हणून काकांनी त्याची घेतलेली आणि द्यायची राहिलेली. त्यावर कोड, त्यावर नंबर, आणि त्यावर जे आडनाव ते.

मला तेव्हा एक गोष्ट नीट कळली. आम्ही काय काम केलं, कुठं केलं, किती वर्षं केलं हे सांगणारी आता दुसरी जागाच नाही. शेड गेलं, भट्टी भंगारात गेली, मस्टर कुठल्या पोत्यात कुजलं देवाला माहीत. एकमेकांना ओळखणारे आम्ही ४३ जण, तेवढंच आमचं मस्टर.

पुढं नावाच्या दुरुस्तीचे कागद, सह्या, खेपा, ते सगळं अण्णांनी आणि त्या पोरानं केलं, सात महिने लागले. दरवर्षीच्या हयातीच्या दाखल्याचं पण असंच आहे. मोल्डिंगमधली, म्हणजे साच्याच्या कामातली माणसं सेंटरवर जातात आणि अंगठा लागतच नाही. वीस वीस वर्षं वाळूत हात घातलेत, रेषा घासून गेल्यात. सेंटरवरचा पोरगा म्हणतो आजोबा बोट पुसा, पुसून काय होणार. आता मोबाईलवर चेहरा दाखवून होतंय हे एकाला कळलं तसं त्यानं ग्रुपवर व्हिडिओ करून टाकला आणि आमच्यातल्या अकरा जणांचे दाखले त्यानं घरोघरी फिरून काढले, मोटरसायकलवर, मालगावपासून माधवनगरपर्यंत.

पेन्शन सुरू झाली आणि वहिनींचा निरोप आला, खंडेनवमीला या सगळे. खंडेनवमी आम्ही सोडत नाही. कारखान्यात त्या दिवशी भट्टीला, पेट्यांना झेंडूच्या माळा, सगळ्या हत्यारांची पूजा. आता ज्याच्याकडं जमेल त्याच्या अंगणात जमतो आणि प्रत्येकानं आपलं एक हत्यार आणायचं, कुणी थापी, कुणी वाळू ठोकायचा रॅमर, कुणी नुसता हातमोजा. सतरा जण गेलो होतो. पूजा झाली, जेवणं झाली, शेंगदाण्याची चटणी एक नंबर होती, आणि वहिनींनी विचारलं, "भावजी, एक इचारू का? आमचं मालक नेमकं काय करायचं ओ तिथं? कवा सांगितलंच न्हाई. आलं की हातपाय धुवायचं आन झोपायचं."

सगळे गप्प. कसं सांगायचं. मी आत बघितलं तर चुलीजवळ बिडाचा खलबत्ता.

तो मी ओळखला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी भट्टीतनं शेवटचा रस काढताना थोडा उरायचा, फोरमन साहेब काही म्हणायचे नाहीत, मग ज्याला त्याला घरासाठी काहीतरी ओतून घ्यायचं, कुणी तवा, कुणी वजन, कुणी नंदी. ८८ सालची गोष्ट, वाडीवाल्याचं नुकतंच लग्न झालेलं. मी त्याच्या शेजारच्या पेटीवर होतो. खलबत्ता अंगणात आणला, पालथा केला आणि वहिनींना कडेनं जाणारी बारीक रेघ दाखवली. म्हटलं इथं खालची आणि वरची पेटी जुळायची, ही रेघ जेवढी बारीक तेवढा हात चांगला. बघा नखाला लागते का. त्यांनी नख फिरवलं. नाही लागली. ही बाजूची खूण, इथनं रस आत गेला, मग ते तोडून घासलं. पोरगा खाली बसून बघत होता.

"आन हे?" वहिनींनी तळावर बोट ठेवलं. उठलेली एक खूण, वाकडी रेघ आणि बाजूला दांडी. "मी आपली कंपनीचा शिक्का समजत हुते."

मिस्त्री आम्हाला पहिल्यापासून सांगायचे, वाळूत काही लिहायचं तर उलटं लिहा, म्हणजे बिडात सुलटं उठतं. तारीख, शिफ्ट, सगळं आम्ही उलटं लिहायचो, हाताला सवय होती. पण त्या दिवशी वाडीवाल्यानं सळईच्या टोकानं सरळच लिहिलं, मी बघत होतो, आणि बोलायच्या आत पेटी झाकली होती.

मी पोराला म्हटलं फोटो काढ आणि तुझ्या फोनमधे उलटा करायचं बटण असतंय ना ते दाब. त्यानं दाबलं. स्क्रीनवर "श" आला.

वहिनींचं नाव श वरनं आहे. त्यांनी पदरानं खलबत्त्याचा तळ पुसला, दोनदा पुसला, आणि आत नेऊन ठेवला.

फोटो पोरानं ग्रुपवर टाकला. अण्णा माझ्या शेजारीच बसले होते तरी त्यांनी रिप्लाय टाईप करूनच टाकला, मिस्त्रींच्या नजरेला पडलं असतं तर पेटी परत भरायला लावली असती.