मोहरीचे दाणे आणि तीन इंचाचा घोळ

छतावरच्या सोलरचं काम मागच्या नोंदीत संपलं. आता गाडीखाली शिरायचं. विषय फारसा सुवासिक नाही, पण ज्यांच्याकडे टाकीवाला कॅराव्हॅन (चाकांवरचं फिरतं घर) आहे त्यांना तो चुकत नाही: टाक्यांचे व्हॉल्व्ह गळतात. खूण सगळ्यांच्या ओळखीची आहे. व्हॉल्व्हची मूठ पूर्ण आत, व्हॉल्व्ह बंद, आणि टाकी रिकामी करायची होज जोडायला पाइपाच्या टोकाचं झाकण फिरवलं की मगभर घाण पाणी मनगटावरून थेट कोपरापर्यंत.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: माझा गाडीमागे ओढायचा, एका एक्सलचा छोटा कॅराव्हॅन आहे. सांडपाण्याची टाकी 60 लिटर, त्यात सिंक आणि न्हाणी. मैल्याची टाकी 40 लिटर. आधीच्या मालकाने खालचं सगळं नळकाम अमेरिकन भागांनी केलं होतं. एबीएस प्लास्टिकचे काळे पाइप, सांडपाण्याला दीड इंची आणि मैल्याला तीन इंची पात्याचा व्हॉल्व्ह, आणि दोन्ही पुढे एकाच तीन इंची तोंडाला मिळतात. आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत ट्रेलर उभा करू देत नाहीत, म्हणून तो रबाळे एमआयडीसीत ओळखीच्या गाळ्याबाहेर असतो. गाळ्यात व्हाइस आहे, कॉम्प्रेसर आहे आणि मुख्य म्हणजे नाक मुरडणारं कोणी नाही.

दोन टाक्या, एक तोंड. मग गळतोय कोण? व्हॉल्व्ह खोलण्याआधी हे ठरवलं नाही तर चांगला व्हॉल्व्ह खोलून बसण्याची वेळ येते. उपाय स्वयंपाकघरातला आणि न्हाणीतला. सांडपाण्याच्या टाकीत पाणी भरून त्यात कपड्यांची नीळ टाकली, मैल्याच्या टाकीत (आधी नीट धुऊन) खायचा लाल रंग. झाकण लावून रात्रभर ठेवलं. सकाळी झाकणाखाली पांढरी बादली धरून ते फिरवलं तर निळंशार पाणी. निळा रंग लालाला गिळतो, म्हणून नंतर सांडपाण्याची टाकी रिकामी करून लाल एकटाच तपासला. झाकणाच्या आत नुसता गुलाबी ओलावा होता.

म्हणजे खरा गुन्हेगार सांडपाण्याचा व्हॉल्व्ह. या नोंदीत मला सांगायचं आहे ते हेच. अमेरिकेतली माहिती वाचा, व्हिडिओ बघा, सगळा भर मैल्याच्या टाकीवर आणि टॉयलेट पेपरवर असतो. पेपराचा लगदा पात्याच्या खोबणीत बसतो, पातं शेवटपर्यंत जात नाही, गळती सुरू. तिथे ते बरोबरच आहे. पण आपण पाणी वापरतो. आपली मैल्याची टाकी लवकर भरते, पण तिच्यात पेपर जवळजवळ नसतोच. आपला कचरा सिंकमधून जातो. त्यामुळे आपल्या गाड्यांमध्ये आधी तपासायचा तो स्वयंपाकाच्या बाजूचा व्हॉल्व्ह.

व्हॉल्व्हची रचना साधी आहे. पाइपाला जोडणाऱ्या दोन चकत्या म्हणजे फ्लँजेस, प्रत्येकात एक रबरी सील, मधून सरकणारं प्लास्टिकचं पातं आणि चारी कोपऱ्यांना चार बोल्ट. टाकीतल्या पाण्याची उंची पंचवीस-तीस सेंटिमीटर. इतक्या उंचीचा दाब म्हणजे काहीच नाही, त्यामुळे पाणी सीलला दाबून घट्ट बसवेल ही आशा सोडायची. सगळी भिस्त सीलच्या पातळ लिपवर, म्हणजे पुढे आलेल्या कडेवर असते. ती पात्याला सगळीकडून टेकली तर थेंब नाही, एका जागी उचलली गेली तर धार.

बोल्ट काढतानाच पहिली अडचण. नट इंचातले, 7/16, म्हणजे 11.1 मिलिमीटर. 11 चा पाना कधी बसतो, कधी नाही, आणि 12 चा घातला तर नट गोल होतो. शेजारच्या गाळ्यातून इंची पाने मिळाले. जुने बोल्ट गंजलेले होतेच. पुढे जाताना सगळीकडे एसएसचे (स्टेनलेस स्टील) एम6 बोल्ट आणि हादऱ्याने सैल न होणारे नायलॉक नट घातले. पाव इंचाच्या भोकात एम6 नीट बसतो, आणि 10 चा पाना कुठल्याही टपरीवर मिळतो. घाटात खाली झोपून काम करायची वेळ आली तर ही गोष्ट फार मोठी वाटते.

व्हॉल्व्ह बाहेर आला. पातं बाहेर ओढलं आणि मुठीच्या समोरच्या बाजूच्या खोबणीत टॉर्च मारला. तळाशी चहाचा चोथा दाबून बसलेला, पार कडक झालेला. त्यात नारळाच्या शेंडीचे धागे, भांडी घासताना सुटलेले. आणि या सगळ्यात रुतलेले मोहरीचे दाणे. सुईने एकेक उकरून काढले. मोहरीचा दाणा दीड-दोन मिलिमीटरचा असतो. म्हणजे पातं तेवढंच अलीकडे थांबतं. मूठ हाताला पूर्ण आत गेल्यासारखी लागते, पण खालच्या बाजूला चंद्रकोरीएवढी फट राहते. फोडणीचं भांडं धुतलं की पुढचे दाणे येऊन तिथेच बसतात.

सीलची अवस्था त्याहून वाईट. कोरडं पडून चिरलं असेल असं वाटत होतं, निघालं उलट. सील फुगलं होतं, मऊ झालं होतं आणि खोबणीत न मावता भिजलेल्या पापडासारखं वाकून पात्याच्या वाटेत आलं होतं. मैल्याच्या व्हॉल्व्हची सीलं मात्र तशीच्या तशी, फक्त थोडी कडक.

याचं कारण मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर कळलं. ट्रान्स-हार्बर लोकलने ठाणे, तिथून मशीद स्टेशन. सीलं आणि ओरिंग (गोल रबरी कड्या) बघायच्या असतील तर ती गल्ली एकदा चालून यावीच. काउंटरवरच्या काकांनी माझं जुनं सील दोन बोटांत चुरगाळलं, वास घेतला (मी आधी धुतलं होतं, तरी त्यांचं धाडस मानलं) आणि विचारलं, "तेल लागतं का याला?"

"स्वयंपाकाचं सांडपाणी आहे, काका. थोडंफार तेल येणारच."

"मग हे कशाला घातलं? तेलाला नायट्राइल लागतं. हे ईपीडीएम दिसतंय."

ईपीडीएम रबर पाण्याला, उन्हाला, बऱ्याच रसायनांना उत्तम. तेलात मात्र ते फुगतं. नायट्राइल तेलाला टिकतं, ऊन मात्र त्याला फार सोसत नाही, पण गाडीखाली ऊन येतंय कुठून. याच हिशोबाने एक सूचना: व्हॉल्व्ह सुळसुळीत करायला व्हॅसलीन लावू नका. पेट्रोलियम जेलीने ईपीडीएमचं तेच होतं जे फोडणीच्या तेलाने होतं. सिलिकॉन ग्रीस घ्या, ते दोन्ही रबरांना चालतं. टाकीत काळं फिनेल ओतायची सवय असेल तर तीही सोडा. वास जातो, पण त्यातलं तेल सीलांना बाधतं. क्षार बसले असतील तर लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून टाकीत रात्रभर ठेवा.

लिपवालं साच्यातलं सील काही नागदेवीत मिळालं नाही. रबर शीटमधून कापून ते करता येत नाही, सपाट वॉशरला लिप कुठून आणणार. मैल्याच्या व्हॉल्व्हसाठी सील किट बाहेरूनच मागवलंय. सांडपाण्यासाठी मात्र मी पात्याचा नाद सोडला आणि दीड इंची यूपीव्हीसी (कडक पीव्हीसी) बॉल व्हॉल्व्ह घेतला, आत भोकाचा गोळा फिरणारा, दोन्ही बाजूंना युनियनवाला, म्हणजे फिरवून सुटणाऱ्या जोडाचा. त्यातल्या ईपीडीएमच्या ओरिंग काढून त्याच मापाच्या नायट्राइलच्या घातल्या.

बॉल व्हॉल्व्ह का? पाव फेरीत पूर्ण उघडतो, कचरा अडकायला खोबणी नाही, आणि युनियन सैल केलं की हातात येतो. तोटेही आहेत. रेतीचा कण आत गेला तर सीटवर, म्हणजे गोळा टेकतो त्या कडीवर, ओरखडे येतात. बॉलच्या पोकळीत थोडं पाणी अडकून राहतं आणि मे महिन्यात ते चांगलंच घमघमतं, म्हणून शेवटी साधं पाणी सोडताना व्हॉल्व्ह थोडा वेळ अर्धवट उघडा ठेवायचा, पोकळी धुतली जाते. मूठ खाली ठेवली तर रस्त्यावरचा दगड तोडणार, म्हणून ती आडवी, चाकाच्या आतल्या बाजूला. मैल्याला मात्र हा उपाय नाही. तीन इंची बॉल व्हॉल्व्ह जड, मोठा, आणि माझ्या गाडीखाली त्याला जागाच नाही.

आता घोळ. युनियनवाला बॉल व्हॉल्व्ह जुन्यापेक्षा बराच लांब, त्यामुळे दोन्ही पाइप मिळतात तो फाटा पुढे सरकवावा लागला आणि तीन इंची पाइपचा एक तुकडा नवा लागला. तुर्भ्याच्या दुकानात "तीन इंची" म्हटलं. एकाने 75 मिलिमीटरचा करडा एसडब्ल्यूआर (गटाराच्या कामाचा) पाइप काढला, दुसऱ्याने 90 चा. दोघांच्या मते तीन इंचीच. बरोबर आलेले प्लंबर मामा म्हणाले, "दादा, 90 चा घ्या, तोच तीन इंची." पण अमेरिकन तीन इंची पाइपचा बाहेरचा व्यास 88.9 मिलिमीटर. 90 ची फिटिंग त्यावर खुळखुळते, आणि एवढी फट चिकटवायचं सोल्युशन भरून काढत नाही. उलट 90 चा पाइप अमेरिकन सॉकेटमध्ये शिरतच नाही.

हे लक्षात ठेवा: गटाराचा करडा एसडब्ल्यूआर मागू नका. प्लंबिंगचा पांढरा, शेड्यूल 40 (जाडीचा एक वर्ग) यूपीव्हीसी मागा. तो इंची मापाचा असतो. त्याचा तीन इंची म्हणजे 88.9 आणि दीड इंची म्हणजे 48.3 मिलिमीटर, अमेरिकन पाइपाइतकेच. व्यास मोजायला व्हर्नियर खिशात न्या. दुकानदार हसतात, हसू दे.

माप जुळलं तरी एबीएस आणि यूपीव्हीसी वेगवेगळी प्लास्टिकं आहेत, आणि पीव्हीसीचं सोल्युशन एबीएसला धड धरत नाही. मामांचा आग्रह होता की "वरून एम-सील मारू, हलणार नाही". चालत्या गाडीखाली एम-सील म्हणजे तडा जायला मुहूर्त शोधणं. मी दोन पाइप जोडणारे रबरी कपलर आणि स्टीलच्या क्लिप वापरल्या. त्याचा दुसरा फायदा जास्त मोलाचा आहे: पाइप जरासा तिरका असला तरी तो ताण व्हॉल्व्हच्या फ्लँजवर येत नाही. कितीतरी नवे व्हॉल्व्ह या ताणानेच गळतात, सीलला उगाच दोष. उतार मीटरला दोन सेंटिमीटर ठेवला.

चाचणी पुन्हा निळीने. पावसाळ्यात गाडीखाली सगळंच ओलं असतं, त्यामुळे साध्या पाण्याने गळती शोधणं व्यर्थ. टाकी काठोकाठ भरली, खाली वर्तमानपत्र पसरलं, सकाळी पत्र कोरडं. मग भरल्या टाकीने ठाणे-बेलापूर रस्त्यावर फेरी, खड्डे न चुकवता. खड्डे शोधायला कष्ट पडले नाहीत. परत आल्यावर कपलरच्या क्लिप थोड्या सैल झालेल्या आढळल्या. रबर बसतं, म्हणून पहिल्या फेरीनंतर त्या पुन्हा आवळायच्याच.

रिकामं कुठे करायचं, हे विचारलं जातंच. गाळ्याच्या संडासाच्या चेंबरमध्ये, मालकाला सांगून. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात कधीच नाही. नवी मुंबईत ते पाणी धारण तलावांमधून (पावसाचं पाणी साठवायचे तलाव) सरळ ठाणे खाडीत जातं. 2015 पासून तिथे फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 मध्ये त्याला पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जाही मिळाला. बाय द वे, त्या धारण तलावांच्या तोंडाशीही झडपाच आहेत, भरतीला मिटणाऱ्या आणि ओहोटीला उघडणाऱ्या. गाळ साचला की त्याही नीट मिटत नाहीत. व्हॉल्व्ह छोटा असो की शहराएवढा, दुखणं एकच.

सिंकला आता बारीक एसएस जाळी बसवलीय. पहिल्याच दिवशी तिच्यात चोथा आणि मोहरी जमली, तेव्हा घरातूनही मंजुरी मिळाली. तेलकट ताटं आधी कागदाने पुसायची, हा नियम मात्र अजून वादात आहे. खोबरेल वापरणाऱ्यांनी थंडीत महाबळेश्वरला जाताना जास्त जपावं, चोवीस-पंचवीस अंशांखाली ते थिजतं आणि पाइपात थर धरतं.

अजून एक. टाकी कोरडी, व्हॉल्व्ह घट्ट आणि तरी गाडीत वास येत असेल तर गळती शोधत बसू नका. गाडी बरेच दिवस उभी राहिली की सिंकखालच्या ट्रॅपमधलं (वास अडवणारं पाइपाचं वळण) पाणी उडून जातं आणि टाकीतली हवा सरळ वर येते. तांब्याभर पाणी ओता, काम झालं.

राहिलेलं काम: मैल्याच्या व्हॉल्व्हचं सील किट आलं की तो पुन्हा खोलायचा, बोल्ट तिरप्या जोड्यांनी थोडे थोडे आवळायचे, म्हणजे फ्लँज वाकत नाही. शिवाय त्याच्या मुठीची केबल एका वळणावर घासतेय, ती जरा मोठ्या वळणाने फिरवायची आहे. टोकाला दुसरा तीन इंची व्हॉल्व्ह लावून दुहेरी बंदोबस्त करावा का, यावर विचार चालू आहे. ज्यांनी तो लावलाय त्यांनी जमिनीपासून किती उंची उरते ते मोजून कळवा. माझ्याकडे आत्ताच हात जेमतेम शिरतो.